भैरीबुवा, हे गाऱ्हाणं घोडीचं

बारा वाड्यांच्या देवा भैरीबुवा, शिमगा झाला. तुझी पालखी खांद्याखांद्यावर नाचली, होळी पेटली, रंग उडाला. आता फाल्गुन सरतोय आणि माझं मागणं जरा निराळं आहे. भैरवाचं वाहन कुत्रा, घोडा खंडोबाचा, हे मला ठाऊक आहे. पण जेजुरी लांब, आणि गावचा राखणदार तू. म्हणून घोडीचं गाऱ्हाणंही तुझ्याच पायाशी.

भाट्याच्या पुळणीवर पर्यटकांना फिरवणारी एक तांबूस घोडी आहे. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी सुरूच्या बनाकडेला तिचा मालक तिला खरारा करतो. परवा त्याने खरारा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "समोरनं येऊ नका, पाठनं तर नकोच. खांद्याकडनं या, बोलत या." घोड्याचे डोळे बाजूला, त्यामुळे अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. लहानपणी मी गणपतीपुळ्याला टाचा मारमारून घोडं पळवलं होतं. तेव्हा त्याला काय दिसतं, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. देवा, तेवढं पोटात घाल.

खरारा ओढला तसे केसांचे पुंजकेच्या पुंजके सुटून आले. थंडी सरल्याचं तिला उकाड्याने कळत नाही. दिवस मोठा होतो, त्या उजेडाच्या हिशेबाने अंग हिवाळी केस टाकतं. आम्ही वसंत कधी लागतो ते भिंतीवरच्या कालनिर्णयात बघतो! केस वाऱ्यावर पांगले. एक साळुंकी आली, चोच भरून घेतली आणि बनात गेली. मी घोडीच्या पुढच्या पायामागे, बरगडीला कान लावला. उभ्या घोड्याचा ठोका मिनिटाला तीस-चाळीसच. मोजायला लागलो आणि मध्येच मोजायचं राहून गेलं.

महाराजा, सुट्टीची गर्दी उसळेल तेव्हा तिच्या पाठीवर एका वेळी एकच माणूस बसू दे. वाळू तापली की तिला सावली मिळू दे, आणि समोर एवढा समुद्र असला तरी बादलीत पाणी गोडं असू दे. मालकाच्या धंद्याला बरकत दे. चंदी फुकट येत नाही. तुडतुड्यातून वाचलेली कैरी झाडावर राख. पांगारा फुललाय, पाखरांना त्यातला मध पुरू दे. करवंदीच्या जाळ्या आमच्याच माणसांनी लावलेल्या वणव्यात जाऊ देऊ नकोस. आणि किनाऱ्यावर कुठे कासवाची अंडी वाळूखाली असतील, तर त्यांच्यावर तिची टाप पडू देऊ नकोस. आमच्या गाड्यांची चाकं तर मुळीच नकोत.

माझ्या सदऱ्याला तिचे केस अजून चिकटलेले आहेत. झटकले नाहीत. उद्या देवळात तसाच येईन.