लढा न्याय्य, पण बॉम्ब?

अल्जीरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध १९५४ ते १९६२ असं जवळजवळ आठ वर्षं चाललं. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी निरपराधांना मारलं तर ते योग्य म्हणायचं का, या प्रश्नावर इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी यांचं हे बोलणं.

विद्यार्थिनी : सर, ३० सप्टेंबर १९५६ ला स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या झोहरा द्रिफनं अल्जिअर्सच्या ‘मिल्क बार’ या कॅफेमध्ये बॉम्ब ठेवला. तिथे बायकामुलं होती, हे मला ठाऊक आहे. तरी तिला दोष द्यायला माझं मन धजत नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये युरोपीय अतिरेक्यांनी शहरातल्या कसबा या अल्जीरियनांच्या दाट वस्तीत स्फोट घडवून कितीतरी अल्जीरियन माणसं मारली होती.

सर : तुझं मन का धजत नाही, ते मला कळतं. पण कसबातला बॉम्ब त्या मुलांनी ठेवला नव्हता.

विद्यार्थिनी : मग दाद कुठे मागायची होती? १८३० पासून फ्रान्स तिथे मालक होऊन बसला होता. १९४७ मध्ये विधानसभा दिली, तिच्यात १२० जागा. सुमारे १० लाख युरोपीयांच्या गटाला ६० आणि ८० लाखांहून अधिक मुस्लिमांना ६०! १९४८ च्या निवडणुकीत तर त्यातही सरकारनं उघड लबाडी केली. ८ मे १९४५ ला, जर्मनी शरण आल्याचा जल्लोष चालू असताना, सेतिफच्या मोर्चात स्वातंत्र्याचा झेंडा दिसला म्हणून पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चिडलेल्या लोकांनी शंभरेक युरोपीय मारले आणि त्याचा सूड म्हणून हजारो अल्जीरियन मारले गेले. मत देऊन पाहिलं, मोर्चा काढून पाहिला. उरलं काय?

सर : शस्त्र उरलं. १ नोव्हेंबर १९५४ ला राष्ट्रीय मुक्ती आघाडीनं ते उचललं, याचा पहिला दोष फ्रान्सचाच. ओरेसच्या डोंगरात सैन्याशी लढणाऱ्यांना मी एका शब्दानं नावं ठेवणार नाही. माझा प्रश्न पुढचा आहे : ते शस्त्र कोणावर चालवायचं?

विद्यार्थिनी : हे फ्रेंच लेखक आल्बेर कामूसारखं झालं. जानेवारी १९५६ मध्ये अल्जिअर्सला येऊन त्यानं आवाहन केलं, दोन्ही बाजूंनी निदान नागरिकांना वगळा. पण स्वातंत्र्य द्या, असं काही तो म्हणाला नाही.

सर : ती त्याची मोठी उणीव. पारतंत्र्य तसंच ठेवून मागितलेली दया अल्जीरियनांना पुरणार नव्हती. पण म्हणून त्याचं मागणं चुकीचं ठरत नाही. आता मेलूझाचं बघ. मे १९५७ मध्ये तिथे सुमारे ३०० गावकरी कापले गेले. मारणारे मुक्ती आघाडीचे, मरणारे अल्जीरियन. गुन्हा एवढाच, की गाव मेसाली हाजच्या प्रतिस्पर्धी पक्षाकडे झुकलं होतं.

विद्यार्थिनी : युद्धात असे प्रमाद होतात, सर.

सर : तो प्रमाद नव्हता, अगं. ‘त्या बाजूचा कुणीही मारला तरी चालेल’ हे एकदा मान्य केलं, की ‘त्या बाजूचा’ कोण हे बंदूकवालाच ठरवतो. आधी वसाहतकऱ्याचं मूल, मग विरोधी पक्षाचं गाव, मग आपलाच सोबती. आघाडीचा नेता अबान रमदान यानं १९५६ मध्ये तिच्या सुम्माम परिषदेत, राजकीय नेतृत्व लष्कराच्या वर असलं पाहिजे, हे तत्त्व मंजूर करून घेतलं होतं. डिसेंबर १९५७ मध्ये त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला मोरोक्कोत नेऊन गळा दाबून मारलं. स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांत लष्करानं सत्ता घेतली.

विद्यार्थिनी : मग छळछावण्या चालवणारं साम्राज्य आणि हे लोक तुम्हाला सारखेच?

सर : मुळीच नाही. फ्रान्सकडे सैन्य होतं, न्यायालयं होती, थांबण्याची ताकद होती. त्याची जबाबदारी कितीतरी मोठी. तिथेही पॉल तेतजाँ होता. अल्जिअर्सच्या पोलीस खात्याचा हा वरिष्ठ अधिकारी स्वतः नाझींचा छळ सोसलेला. कैद्यांच्या अंगावर त्याच खुणा त्याला दिसल्या आणि १९५७ मध्ये तो पद सोडून गेला. आपल्या बाजूला ‘हे नाही’ म्हणणारा माणूस दोन्हीकडे लागतो.

विद्यार्थिनी : पण अशा बॉम्बशिवाय अल्जीरिया सुटला असता?

सर : अल्जिअर्समधलं बॉम्बचं जाळं १९५७ मध्येच मोडून पडलं होतं. डिसेंबर १९६० मध्ये मात्र साधी माणसं, बायका, पोरं स्वातंत्र्य मागत हजारोंनी रस्त्यावर आली. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल तेव्हा अल्जीरियातच होते. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं अल्जीरियाचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला.

विद्यार्थिनी : सहा वर्षांच्या युद्धाशिवाय ती गर्दी जमली नसती.

सर : हे मला मान्य करावंच लागेल. युद्धाशिवाय नसती जमली. पण ‘मिल्क बार’शिवाय, मेलूझाशिवाय जमली असती, असं मला वाटतं.

विद्यार्थिनी : म्हणजे हिशोब दोन. युद्धाचा फ्रान्सच्या नावावर, बॉम्बचा ठेवणाऱ्याच्या नावावर.

सर : आणि एकातली रक्कम दुसऱ्यातून वजा करायची नाही. मुलूद फेरऊन हा कबाइल शिक्षक आणि लेखक रोजनिशीत दोन्ही हिशोब मांडत राहिला. फ्रेंच सैन्याचे अत्याचार लिहिले, आघाडीचेही लिहिले. १५ मार्च १९६२ ला, युद्ध थांबवणाऱ्या एव्हियाँ करारावर सह्या होण्याच्या तीन दिवस आधी, वसाहतवाद्यांच्या गुप्त संघटनेनं त्याला गोळ्या घातल्या. स्वातंत्र्याच्या लढ्याला पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकानं फेरऊनसारखी वही ठेवावी. लढणाऱ्यांची साथ सोडू नये, आणि त्यांच्या हातून झालेली हत्या हत्या म्हणूनच नोंदवावी.