अकरा मायक्रॉन

युरोपच्या किनाऱ्यावर एक लहानशी ठिपकेदार मुशी सापडते. तिचं रक्त आणि बाहेरचा समुद्र यांच्यामधली भिंत साधारण ११ मायक्रॉन जाड. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टर्नरच्या ड्रॉवरमधला साधा मायक्रोमीटर काढा. त्याच्यावरची सर्वांत बारीक रेघ १० मायक्रॉनची. मुशीचा श्वास आमच्या मापात जेमतेम बसतो. ट्यूना माशाची हीच भिंत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ती मोजायला आमच्या शेडमध्ये काही नाही.

आमच्याकडचा खानापूरचा जुना टर्नर म्हणतो, "धा मायक्रॉनचं काय घिऊन बसलाय वो, जॉब जरा तापला की गेलं माप." खरं आहे त्याचं. ५० मिलिमीटरचा पोलादी दांडा १० अंशांनी तापला की सहा मायक्रॉनच्या जवळपास वाढतो. मुशीच्या भिंतीचा निम्मा हिस्सा आमच्याकडे दुपारच्या उन्हाबरोबर येतो नि संध्याकाळी निघून जातो.

*

श्वास घ्यायचा म्हणजे शरीराने कुठेतरी पातळ व्हायचं.

जिथे पातळ झालो, तिथे समुद्रही आत यायला बघणार. हा धोका वजा करून श्वास घेण्याची सोय कोणाला मिळालेली नाही.

*

आम्ही हीट एक्स्चेंजर बनवतो. नळ्यांच्या आतून पाणी, बाहेरून गरम तेल, मध्ये नळीची भिंत. गिऱ्हाइकाचे प्रश्न तीन: क्षेत्रफळ किती, भिंत किती जाड, पंपाला किती जोर पडेल. कल्ल्याचा हिशोबही याच तीन रकान्यांत मावतो. विसरणाचा नियम १८५५ मध्ये आडोल्फ फिक यांनी मांडला. ते शरीरशास्त्राचे माणूस; भिंत पातळ करा, क्षेत्रफळ वाढवा, पलीकडे जास्त जाईल, हे त्यांचं म्हणणं लोखंडानेही निमूट मान्य केलं.

कल्ल्याची अडचण मात्र आमच्याहून मोठी. एक लिटर हवेत प्राणवायू २१० मिलिलिटर असतो. उष्ण समुद्राच्या एक लिटर पाण्यात पाचाच्या आसपास. वर पाणी हवेच्या आठशे पट जड. एवढ्याशा मालासाठी एवढं ओझं वाहायचं, हा धंदा आतबट्ट्याचा. तो चाळीस कोटी वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

*

भाची रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिने स्कोलिओडॉनच्या कल्ल्याच्या स्लाइडचा फोटो पाठवला. स्कोलिओडॉन म्हणजे आपल्या बाजारातली लहान मुशी. जुन्या बी.एस्सी. झूलॉजीवाल्यांनी प्रॅक्टिकलला जी फाडली, तीच. थिल्लैयंपलम यांनी १९२८ साली या एका माशावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

स्लाइडवरचा काप पाच मायक्रॉनचा, म्हणजे आमच्या मायक्रोमीटरवर अर्धी रेघ. पेशींची केंद्रकं जांभळी, बाकी सगळं गुलाबी. मधोमध जाड पडदा. पडद्याच्या दोन्ही अंगांना तंतू, आणि प्रत्येक तंतूवर काटकोनात उभे बारीक पापुद्रे, फणीच्या दातांसारखे. श्वास चालतो तो या पापुद्र्यांत. बाकीचा सगळा कल्ला त्यांना उभं धरण्यासाठी आणि त्यांच्यापर्यंत पाणी आणून सोडण्यासाठी.

पापुद्रा आणखी मोठा करून पाहिला की खांबपेशी दिसतात. दोन पातळ भिंतींच्या मध्ये, थोड्या थोड्या अंतराने, एकेक पेशी खांबासारखी उभी. तिचं अंग दोन्ही टोकांना पसरतं, शेजारणीच्या अंगाला भिडतं आणि रक्ताची वाट तयार होते. आमच्यासारखी नळी तिथे नाहीच. रक्त खांबांना वळसे घालत पत्र्यासारखं पसरत जातं. मुशीच्या तांबड्या पेशी भल्यामोठ्या, २० मायक्रॉनच्या आसपास लांब. माणसाची सात-आठ मायक्रॉनची. एवढ्या पेशींना तेवढ्याशा वाटेतून अंग चोरूनच जावं लागत असणार.

सपाट भिंतीला आतून दाब आला की ती फुगते. जुन्या बॉयलरच्या सपाट पत्र्यांना म्हणून स्टे मारलेले असत. खांबपेशींत कोलॅजेनचे दोर असतात, ते या भिंतीला त्या भिंतीशी बांधून ठेवतात. स्टेच ते. आमच्या बॉयलर इन्स्पेक्टरने या कामावर डोळे मिटून सही केली असती.

तंतूच्या गाभ्यात रक्ताने भरलेली एक पोकळी असते. तिच्यामुळे तंतू ताठ राहतो. तिच्यातल्या काही पेशी रक्ताबरोबर आलेला कचरा टिपून गिळतात. एकाच जागेत खांबही आणि झाडूवालाही. पीण्यातल्या लहान शेडमध्ये माणसं अशीच दोन-दोन कामं करतात.

"मामा, तुझा एक्स्चेंजर दिसला का त्यात?" भाचीने विचारलं.

"बॅफल दिसला," मी लिहिलं.

*

बॅफल म्हणजे तो मधला पडदा. हाडांच्या माशांत तो आखूड होत गेला आणि सगळ्या कल्ल्यांवर मिळून एक झाकण आलं. मुशीत तो थेट कातडीपर्यंत जातो आणि प्रत्येक कल्ल्याला आपापली फट देतो. बाजारात मुशी ओळखायची तर मानेवरच्या पाच चिरा पाहा. पाकटाच्या चिरा पोटाखाली असतात. तळाच्या वाळूत बसला की तो डोळ्यांमागच्या दोन भोकांतून वरचं पाणी आत घेतो. गाळात राहायचं आणि श्वास गाळाचा घ्यायचा नाही. पुष्कळांना हे जमत नाही.

रक्त आणि पाणी एकाच दिशेने सोडलं तर दोघं निम्म्यावर बरोबरीला येतात आणि देवाणघेवाण थांबते. समोरासमोर सोडलं तर वाटेत प्रत्येक ठिकाणी पाणी रक्ताहून थोडं श्रीमंत राहतं आणि घेणं शेवटपर्यंत चालू राहतं. आम्ही याला काउंटर फ्लो म्हणतो. माशांच्या कल्ल्यात तो चालतो, हे हॉलंडच्या व्हान डाम यांनी १९३८ मध्ये मांडलं. मुशीबद्दल मात्र शंका राहिली. पडदा आडवा आहे. पाणी जाणार कुठून? १९६७ मध्ये पीपर आणि शूमान यांनी मुशीची मापं घेऊन प्रवाह आडवा असावा असं म्हटलं. १९७० मध्ये ग्रिग यांनी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट जॅक्सन मुशीचा प्रवाह तपासला आणि तो समोरासमोरचाच निघाला. पडद्याला लागून अरुंद पाट असतात. पाणी पापुद्र्यांमधून येतं, पडद्याशी वळतं आणि पाटाने बाहेर पडतं.

भिंत दिसली की वाट संपली असं आपण धरून चालतो. पाणी भिंतीच्या कडेकडेने आधीच पुढे गेलेलं असतं.

*

मुशीच्या रक्तात युरिया माणसाच्या पन्नास पटींहून जास्त. आपल्यापैकी कोणाचा एवढा निघाला तर रिपोर्ट आणणारा मुलगाच घाबरेल. मुशी तो मुद्दाम सांभाळते. त्याच्यामुळे तिचं रक्त समुद्राएवढं दाट राहतं, आणि समुद्र तिच्या अंगातलं पाणी ओढून घेत नाही. समुद्रातल्या हाडांच्या माशाला सतत खारं पाणी प्यावं लागतं आणि मीठ बाहेर फेकत बसावं लागतं. मुशीने भांडण सोडून दिलं आणि समुद्राच्या तोलामोलाची झाली.

पण बाहेरच्या पाण्यात युरिया जवळजवळ नाही. एवढं मोठं क्षेत्रफळ, एवढी पातळ भिंत. सगळा युरिया वाहून जायला हवा. जात नाही. कल्ल्याच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, त्यातून युरिया सहजी सुटत नाही. जो सुटायला निघतो त्याला रक्ताच्या बाजूचे पंप परत पाठवतात. तीच भिंत प्राणवायूला उघडी आणि युरियाला बंद. असा एक्स्चेंजर कोणी मागितला तर मी अॅडव्हान्स घेणार नाही.

युरिया प्रथिनांची वीण उसवतो. म्हणून मुशी त्याच्या जोडीला ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड बाळगते, साधारण दोनास एक या प्रमाणात. विष आणि उतारा एकाच रक्तात. मेल्यावर जिवाणू दोन्ही मोडून टाकतात, आणि शिळ्या मोरीचा, म्हणजे मुशीचा, तो अमोनियाचा भपकारा येतो. मालवणात म्हणून मोरी घेताना नाक आधी पुढे जातं, हात मागून.

बुल शार्क नदीत शिरते तेव्हा रक्तातला युरिया कमी करते. पाणी बदललं, दाटपणा बदलला. गंगेची नदीमुशी तर नावानेच नदीची. २०१६ च्या फेब्रुवारीत तिची एक २६६ सेंटिमीटरची मादी मुंबईच्या ससून डॉकवर उतरली होती. नदीत जाणाऱ्या मुशीला शहरं टाळता येत नाहीत.

*

जालहळ्ळी क्रॉसवरून आत पीण्यात वळलं की थोड्या वेळाने प्लेटिंगचा वास येतो. १९७० च्या दशकात वसलेली ही वसाहत. हजारो शेड, त्यांत प्लेटिंगच्याही पुष्कळ. शोभेच्या क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनपर्यंतच असतो. खाली जाड निकेल, वर नावापुरता क्रोम. म्हणजे मोटारसायकलच्या हँडलवरची चमक आणि ट्यूनाची श्वासाची भिंत, जाडी जवळजवळ तीच. एकीत तोंड पाहून घेता येतं.

टाकीतला क्रोमियम सहा-संयुजी. पाण्यात तो क्रोमेटच्या रूपात राहतो, आणि क्रोमेटचा बांधा सल्फेटसारखा. पेशीला सल्फेट लागतं, त्याच्यासाठी दार ठेवलेलं असतं. क्रोमेट त्याच दारातून आत जातं. तीन-संयुजी क्रोमियमला ते दार सहसा उघडत नाही. सांडपाण्याची सगळी युक्ती एवढ्यावर उभी आहे. पाणी आम्लधर्मी करायचं, सोडियम बायसल्फाइट घालायचं. पिवळं-केशरी पाणी डोळ्यांदेखत हिरवं होतं. मग चुना टाकला की हिरवट गाळ खाली बसतो. पोरगासुद्धा रंग बघून सांगेल झालं की नाही. तरी पीण्यातल्या काही बोअरवेलच्या पाण्यात सहा-संयुजी क्रोमियम आढळल्याची सरकारी तपासण्यांत नोंद आहे. ते पाणी हिरवं होण्याआधीच कुठेतरी जमिनीत गेलं.

पीण्यातून रस्त्याने मंगळूरला जा नाहीतर चेन्नईला, समुद्र साडेतीनशे किलोमीटर. इथलं सांडपाणी वृषभावतीतून अर्कावतीला, तिथून कावेरीला मिळतं. आमचा क्रोमियम कावेरीच्या मुखाशी एखाद्या मुशीला गाठतो असं म्हणणं बढाईचं होईल. बराचसा वाटेतल्या गाळातच बसतो. तिथे राहणाऱ्या माशांना कल्ले असतातच.

*

घाण पाणी लागलं की कल्ला जाड होतो. वरच्या पेशी वाढतात, शेजारचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. विषाला आत शिरायला वेळ लागतो. प्राणवायूलाही.

बचाव म्हणून जे केलं त्याचीच घुसमट. माशाला ही गोष्ट सांगून उपयोग नाही, आणि माणसांना सांगितली तर ती आपापले अनुभव सांगत बसतात.

मुशीची भिंत आधीपासूनच ट्यूनाच्या वीस पट जाड. ती तिची सावधगिरी की सुस्ती, हे स्लाइडवर दिसत नाही. कमी प्राणवायूत भागवणाऱ्या माशाला जाड भिंत परवडते, एवढं खरं.

भाचीने एक गोष्ट बजावली. पापुद्र्यावरची कातडी सुटलेली दिसली की लगेच विषबाधा म्हणायचं नाही. मासा मेल्यावर कल्ला आधी सोलवटतो. फॉर्मलिनमध्ये टाकायला उशीर झाला तर धडधाकट माशाची स्लाइडही आजारी दिसते. म्हणून धक्क्यावर होडी लागली की बाकी सगळं राहू द्यायचं, आधी कल्ले कापायचे. मेलेल्याची साक्ष ताजी असेपर्यंतच खरी.

*

प्लेटिंगच्या टाकीतून जॉब वर आला की त्याच्या अंगाला द्रवाची पातळ साय चिकटलेली असते. ती धुवायची. एकाच टाकीत हजारपट पातळ करायची म्हटली तर चिकटून आलेल्या दर लिटरमागे १,००० लिटर पाणी लागतं. दोन टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या तर ३२ लिटर पुरतं. तीन जोडल्या तर १०. हे पुस्तकी गणित आहे, जागेवर थोडं इकडे-तिकडे होतं. जॉब डावीकडून उजवीकडे जातो, पाणी उजवीकडून डावीकडे, आणि पहिल्या टाकीतलं पिवळं पाणी परत प्लेटिंगच्या टाकीत टाकता येतं. व्हान डाम यांना इथे आणून उभं केलं असतं तर काही समजावून सांगावं लागलं नसतं.

माझ्या ओळखीच्या एका शेडमध्ये अशा दोन टाक्या आहेत. तिसरीसाठी जागा काढली होती, पाइपाला तोंडही सोडलेलं आहे. तिथे हल्ली मालकाची स्कूटर लावतात, कारण बाहेर रस्त्यावर लावली तर ट्रक घासून जातात.