यंत्र येईल, पण जात जाईल का?



येत्या वीस-तीस वर्षांत सगळी कामं यंत्रं करतील, मग कोण कुणाचा विटाळ धरणार, जात आपोआप गळून पडेल, असं आपली शिकलेली पोरंही बोलू लागलीत. ही आशा मला घातकी वाटते. मी मागावर उभा राहणारा माणूस, तेव्हा मागाचंच सांगतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याला पगार जास्त होता. तिथंच आपल्या माणसाला मज्जाव होता. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढायचं. अस्पृश्याची थुंकी लागली तर सवर्ण कामगार बाटणार! मालकाशी भांडताना एकजूट, आणि धोट्यापाशी आला की त्याची जात जागी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला, तो उगाच नाही.

पुढं बिनधोट्याचे माग निघाले. तोंड लावायचं कारणच उरलं नाही. जात गेली? लग्नात बघा, भाड्यानं खोली मागायला जाऊन बघा. गेलं ते निमित्त. जात शाबूत.

आता गटार घ्या. हातानं मैला उपसण्याविरुद्ध कायदा १९९३ ला झाला, दुसरा २०१३ ला. मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव केरळात २०१८ साली उतरला. तरी माणसं गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाला २०२३ मध्ये सांगावं लागलं. यंत्र आहे, कायदा आहे. पण ठेकेदाराच्या हिशेबात आपला माणूस यंत्राहून स्वस्त आहे. हा हिशेब कुठलं यंत्र बदलणार?

महाडचं तळं १९२४ साली नगरपालिकेनं कागदावर खुलं केलंच होतं. पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ ला माणसांनाच चालत जावं लागलं. यंत्राचंही तसंच. ते दार उघडेल, आत पाय आपल्यालाच टाकावा लागेल.

म्हणून दोस्तहो, यंत्राला शिव्या नकोत आणि ओवाळणीही नको. वस्तीत, कारखान्यात, नगरपालिकेत नवं यंत्र आलं की तीन सवाल टाका. ते चालवायला कोण बसला? त्यानं कुणाची भाकर गेली? आणि जिथं यंत्र पाठवलं नाही, तिथं अजून कोण उतरतोय? जबाब मिळेस्तोवर हलू नका. उद्या कसा असेल हे या जबाबांवर ठरेल. आपण विचारलंच नाही, तर ते दुसरेच ठरवतील, नेहमीसारखे.