मान पडली की नाही?

आंबा थोडा आधी उतरवला तरी अढीत पिकतो. कांद्याला अढी नाही. जमिनीतून उपटला की त्याचे पोसणे तेथेच थांबते. म्हणूनच परसात दोन-चार वाफे लावणाऱ्यालाही एका प्रश्नाला सामोरे जावे लागते : याची वेळ भरली, हे आपण कशावरून ठरवायचे?

डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या कांद्याचे उत्तर साधारण एप्रिलच्या उन्हात मिळते, आणि ते गड्डा देत नाही, पात देते. गड्डा पोसला की मधून नवे पान येणे थांबते. मान आतून पोकळ व मऊ होते आणि हिरवी पात स्वतःच्याच भाराने आडवी होते. शेतकरी याला ‘माना पडल्या’ म्हणतात. गड्ड्याचा आकार हा पुरावा नव्हे. ताठ मानेचा कांदा कितीही मोठा दिसो, तो अपुराच. त्याची जाड मान नीट मिटत नाही, आत ओल राहते, आणि पावसाळ्यात तो टोपलीतल्या शेजाऱ्यांनाही नासवतो.

अडचण पुढेच आहे. साऱ्या माना एका दिवशी पडत नाहीत. शेवटच्याची वाट पाहावी, तर आधी तयार झालेल्यांचे पापुद्रे तडकतात. अवकाळी सर आली तर त्यांना पुन्हा मुळे फुटतात. म्हणून जाणता शेतकरी निम्म्या माना पडल्या की काढणीला हात घालतो. त्याला मजूर लावायचे असतात, गाडी भरायची असते; त्याचा न्याय घाऊकच असणार. शाळेलाही जून महिना ठरवावाच लागतो. परंतु परसात ही सक्ती कोठे आहे? पडलेला कांदा आज उपटावा, ताठ उभा आहे त्याला आणखी आठवडा द्यावा. तरीही आपण एकाच रविवारी अख्खा वाफा रिकामा करतो, आणि या सोयीला शिस्त म्हणतो! घरातल्या मुलांच्या बाबतीतही आपण याहून फार वेगळे वागतो, असे मला वाटत नाही.

काही जण उभी पात पायाने मोडतात. खरिपाच्या कांद्याची मान आपणहून सहसा पडत नाही, म्हणून शेतात रिकामा पिंप फिरवून ती पाडतात. तेथे तो नाइलाज आहे. उन्हाळी कांद्याची मान मोडणे मात्र मला पटत नाही. त्याने खूण तेवढी उमटते. डेंगळ्याची गोष्ट निराळी. त्याची मान पडायचीच नाही, आणि तो टिकणारही नाही. त्याला आधी स्वयंपाकघरात न्यावा.

माना पडू लागल्या की पाणी तोडावे. उपटलेला कांदा पातीसकट वाफ्यातच पसरावा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल असा, म्हणजे ऊन लागत नाही. तीन-चार दिवसांनी बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापावी. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याची पात कापत नाहीत; तिचीच वेणी घालून माळा आढ्याला टांगतात.