रोटीव्यवहार, बेटीव्यवहार आणि स्टुडिओंचा सिनेमा

देवापुढे सगळे सारखे असतील, तर लग्नाच्या मांडवात का नसावेत, हा प्रश्न लातूर-नांदेडच्या मुलखात फार जुना आहे. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बसवकल्याणात, बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी, त्याला कृतीने उत्तर दिले. चांभार हरळय्यांच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीचा विवाह लागला. ज्या बिज्जल राजाच्या दरबारी बसवण्णा मंत्री होते, त्याला ही सोयरीक सोसली नाही. त्याने दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला, असे परंपरा सांगते. नांदेडच्या हुजूर साहिबचा लंगर आजही जात न विचारता वाढला जातो. पण पंगत उठली की सोयरीक जातीतच शोधली जाते.

स्टुडिओंच्या काळातला सिनेमा याच उंबरठ्यावर थबकला. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) बालगंधर्वांनी साकारलेले पैठणचे एकनाथ महाराच्या घरी जेवतात. त्या काळी हे धाडसच होते. तरीही ती समता भक्तीची आणि ताटापुरती होती.

पुढच्याच वर्षी बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’त ताटावरून थेट प्रेमाला हात घातला. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य रखवालदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण प्रताप यांचे प्रेम आहे, पण दोघांची लग्ने दुसरीकडे लावली जातात. शेवटी रुळांवर भांडणाऱ्या नवऱ्याला आणि प्रतापला वाचवताना कस्तुरी गाडीखाली जाते. फाटकापाशी तिचे स्मारक आहे आणि सगळी कथा तिथूनच उलगडते. जिला सून म्हणून घरात घेता आले नाही, तिला मेल्यावर पूज्य ठरवण्यात समाजाला कसलीच अडचण येत नाही. या सद्भावी चित्रपटाचे खरे दुखणे हेच आहे. 

त्याच १९३६ साली डॉ. आंबेडकरांचे ‘जातिभेद निर्मूलन’ इंग्रजीत छापून आले. सहभोजनाने जात मोडत नाही, त्यासाठी मिश्रविवाह हवेत आणि जातीला पावित्र्य देणारी शास्त्रांची सत्ता संपायला हवी, हे त्यांचे म्हणणे. संतांची समता देवाच्या नजरेतली होती; माणसामाणसांतली नव्हे, असेही त्यांनी गांधीजींना उत्तर देताना बजावले.

हॉलिवूडने हीच सीमा नियमात लिहून ठेवली होती. १९३४ पासून काटेकोर राबवलेल्या निर्मितीसंहितेनुसार गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध निषिद्ध होते. ‘द गुड अर्थ’मध्ये (१९३७) चिनी शेतकरी झाला गोरा पॉल मुनी, म्हणून त्याची बायकोही झाली गोरी लुईझ रेनर; चिनी वंशाच्या ॲना मे वाँगला ती भूमिका मिळाली नाही. भारतात असा नियम लिहावा लागला नाही. ते काम रूढीनेच केले.

ही रूढी पडद्यावर उलटून पाहायला कित्येक दशके गेली. वडार समाजातून आलेल्या नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’मध्ये (२०१६) कॅमेरा वस्तीच्या बाजूने धरला. ‘सैराट’मध्ये जात ओलांडून लग्न होते, संसार होतो, मूल होते. मग मुलीच्या माहेरची माणसे घरी येऊन दोघांचा खून करतात. कस्तुरीचा जीव गाडीने घेतला. इथे मारणारे सख्खे आहेत आणि दोष अपघातावर ढकलायला जागा नाही.