मताला जामीन कोण?

मुंबईत जागा नसलेली माणसं लाखांनी सापडतील. पण जागेविषयी मत नसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. स्वतःच्या घरात पाय लांब करायचे तर ज्याला बायकोचं शिलाई मशीन आधी पलंगावर चढवावं लागतं, तोसुद्धा शहराच्या मध्यभागी टॉवर असावा की बाग असावी, हे लोकलच्या चौथ्या सीटवरून छातीठोकपणे सांगतो. चौथी सीट ही मत मांडायला फार सोयीची जागा. माणूस तिथं धड बसलेला नसतो आणि धड उभाही नसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

मी बँकेत कारकून. गेली वीस-बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांच्या सह्या जुळवतो. बी. कॉम.ला तत्त्वज्ञान हा विषय नव्हता. निकाल लागला तेव्हा ते आपोआप आलं. त्यामुळे नैतिक प्रश्न वगैरे मी सहसा प्राध्यापक मंडळींवर सोपवतो. पण एक प्रश्न मात्र थेट आमच्या काउंटरवर येऊन उभा राहिला आणि टोकन देऊनही हलेना. तो आणला बीडीडी चाळींनी.

बीडीडी चाळी म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. पण हे पुस्तक चुकून पुण्यात कुणी वाचलंच तर अडचण नको. पहिल्या महायुद्धानंतर सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. मुंबईत येणाऱ्या कापसावर कर बसवून पैसा उभा केला आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड (म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, आणि संडास सगळ्यांना मिळून. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रही इतके झाले की तुरुंग अपुरे पडले, तेव्हा वरळीच्या काही चाळींचाच सरकारनं तात्पुरता तुरुंग केला. इमारतीत फारसा बदल करावा लागला नसावा.

आता या चाळी पाडून त्या जागी टॉवर. रहिवाशाला १६० च्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर फुकट, आणि उरलेल्या जागेत विक्रीचे टॉवर बांधून त्यातून खर्च भरून काढायचा, असा हिशेब. वरळीच्या जांबोरी मैदानात याचा नारळ एप्रिल २०१७ मध्ये एकदा फुटला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा एकदा फुटला. सरकार बदललं की नारळही नवा लागतो. अखेर १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

मधल्या आठ वर्षांत मतांचा जो पाऊस पडला, त्यात आमची शाखा गळायची राहिली होती इतकंच. पासबुक भरायला आलेला माणूस आधी मत भरायचा. त्यात शहाणी माणसं होती, तशी कामाची माणसंही होती. उदाहरणार्थ पोलीस. चाळींतल्या बऱ्याच खोल्यांत पोलिसांची कुटुंबं राहायची. २०२२ साली त्यांना घराची किंमत पन्नास लाख ऐकवली गेली. ओरड झाली. पन्नासाचे पंचवीस झाले. आणखी ओरड झाली. पंचविसाचे पंधरा झाले. दादरच्या मंडईत मेथीच्या जुडीचा भावसुद्धा इतक्या लवकर उतरत नाही. सांगायचा मुद्दा, ज्याच्या खिशातून जाणार असतं त्याची ओरड सरकारलाही बरोबर ऐकू येते.

पण सर्वांत मोठा आवाज कुणाचा होता, तर हळहळणाऱ्यांचा. 'चाळसंस्कृती चालली हो!' चाळीबद्दल हळहळणं ही मराठी माणसाची जुनी मालमत्ता आहे. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली, तिचाही शेवट चिंतनानंच झाला. म्हणजे आपण साठाहून अधिक वर्षं चाळीला निरोप देतो आहोत, आणि निरोप देणारे एकेक करत ठाण्या-डोंबिवलीला गेले तरी चाळीतले आपले चाळीतच.

असेच एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे येतात. बालपण वरळीच्या चाळीत, वस्ती ठाण्याला दोन बेडरूममध्ये, खातं मात्र आमच्याच शाखेत. 'मुळं तोडवत नाहीत हो!' असं ते नेहमी म्हणतात. पेन्शनच्या दिवशी रांगेत उभं राहून ते सांगत होते,

"अहो, चाळीत दार म्हणून कधी बंद नसायचं! एका घरात पुरण शिजलं की वाटी सगळ्या मजल्यावर फिरायची. आता काय, सगळे आपापले दार लावून बसणार."

"तुमच्याकडे ठाण्याला दार उघडंच असतं का?" मी नोटा मोजता मोजता विचारलं.

"छे! सेफ्टी डोअर आहे. शिवाय कॅमेरा."

त्यांच्या मागं एक आजी उभ्या होत्या. बीडीडीतच राहणाऱ्या, मुलाच्या लग्नात मिळालेली पिशवी अजून वापरणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अहो बाबा, दार बंद केलं तर आत वारा कुठनं येणार? खोली एक आणि माणसं नऊ. आमचं दार काय प्रेमानं उघडं नव्हतं."

गृहस्थ हसले. आजी हसल्या नाहीत.

"गुडघे गेल्यापासनं मी संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही," त्या म्हणाल्या. "रात्री उठून गॅलरीच्या टोकाला जायचं तर सुनेला उठवायला लागतं. ती पहाटेची कामाला जाते."

रांगेत जरा वेळ कुणी काही बोललं नाही. गृहस्थांनी पासबुक उघडलं आणि कोऱ्या पानावर बराच वेळ शिल्लक शोधली.

मी आजींना म्हटलं, "मग आता टॉवरमध्ये मजा आहे तुमची."

"जाईन की. पण लिफ्ट बंद पडली तर तेविसाव्या मजल्यावर मला विचारायला कोण येणार? इथं एक सकाळ नळावर दिसले नाही तर चार बाया चौकशीला येतात."

म्हणजे बघा, चाळीविरुद्ध बोलल्या त्याही आजी आणि चाळीच्या बाजूनं बोलल्या त्याही आजी. दोन्ही बाजूंचं मत एकाच पिशवीत. आणि तरी चौथ्या सीटवरच्या माणसासारखं ते मला पोकळ वाटलं नाही. का वाटलं नाही, याचा मी पुढचे चार दिवस विचार केला. उत्तर सापडलं ते कर्ज विभागात.

आमच्याकडे कर्जाला जामीन लागतो. कर्ज घेणाऱ्याबरोबर चार मित्र येतात. "घे रे, बिनधास्त घे! आम्ही आहोत ना!" असं सांगत येतात. मग मी जामिनाचा फॉर्म पुढं सरकवतो. त्याबरोबर एकाचं पेन चालेनासं होतं, दुसऱ्याला चष्मा घरी राहिल्याचं आठवतं, तिसऱ्याचा फोन वाजतो आणि चौथा, जो मुळात चहा प्यायला आलेला असतो, तो सही करतो. बिचाऱ्याला ठाऊक नसतं की भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. हप्ता थकला की बँक त्याच्याही दारात उभी राहते.

मला वाटलं, मतांनाही असाच एक फॉर्म असावा. 'चाळ टिकलीच पाहिजे, या माझ्या मतापोटी मी खाली सही करणार असं लिहून देतो की, दर महिन्यातले आठ दिवस मी गॅलरीच्या टोकाचा सार्वजनिक संडास वापरीन, आणि संध्याकाळी सहानंतर पाणी पिणार नाही.' उलट बाजूचाही फॉर्म असावा. 'टॉवर झालाच पाहिजे, या माझ्या मतापोटी मी लिहून देतो की, लिफ्ट बंद पडेल त्या दिवशी मी आजींची पिशवी तेविसाव्या मजल्यावर नेऊन देईन.' असे फॉर्म छापले तर मुंबईत एकाच दिवसात किती पेनं बंद पडतील, याची कल्पना करा.

मी ही योजना घरी मांडली. सौ. शाळेत शिकवते, त्यामुळे तिला चुका शोधायची सवय आहे.

"म्हणजे ज्याचं जळतं त्यानंच बोलायचं?" ती म्हणाली. "उद्या शेजारच्या घरात कुणी बायकोला मारत असेल, तर तुम्ही कडी लावून बसणार? माझा हप्ता नाही म्हणून?"

"तसं नाही..."

"आणि गिरण्यांचं काय? तिथं कोण राहत होतं?"

गिरण्यांचं नाव निघालं की मुंबईत वाद संपतो किंवा सुरू होतो. १९८२ चा संप झाला, एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि शहराच्या ऐन पोटात अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन उरली. १९९१ च्या नियमात वाटणी अगदी आदर्श होती. जमिनीचा पुनर्विकास केला तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला, आणि ही वाटणी फक्त जिच्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीपुरती उरली. आमच्या भाषेत सांगायचं तर, आधी म्हणाले, ठेवीचा तिसरा हिस्सा तुमचा. नंतर म्हणाले, ठेवीचा नव्हे, खिशात जी चिल्लर असेल तिचा. याविरुद्ध कोर्टात जाणारे लोक काही गिरणीच्या आवारात राहत नव्हते. ऑक्टोबर २००५ मध्ये ते उच्च न्यायालयात जिंकले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. बागा व्हायच्या त्या जागी कचेऱ्या आणि मॉल झाले.

त्या कचेऱ्यांत कामाला येणारी माणसं ज्या स्टेशनांवर उतरत, ती गिरण्यांच्या काळातली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस होता. परळ आणि तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस माणसं गेली. त्यांनी कुठल्या फॉर्मवर सही केली होती? त्यांना २००१ साली कुणी विचारलं होतं? आमच्या शाखेतली बरीच मंडळी त्याच जिन्यावरून रोज येत. त्या दिवशी साडेदहानंतर काउंटर उघडं होतं. पण आत प्रत्येक जण फोनवर एकेकाचं नाव घेऊन 'पोचला का?' एवढंच विचारत होता.

तेव्हा सौ.चं बरोबर आहे. 'तिथं राहतो तो बोलेल, बाकीच्यांनी गप्प बसावं,' हा नियम आमच्या बिल्डर मंडळींना फार आवडेल. कारण राहणाऱ्याला एका हातानं किल्ली दिली की दुसऱ्या हातानं शहराचं काहीही उचलता येतं. पाणी, रस्ता, जिना, झाडाची सावली ही सगळी संयुक्त खाती आहेत. त्यातून पैसे काढताना एकाच खातेदाराची सही चालत नाही.

पण म्हणून हळहळणाऱ्या गृहस्थांनाही खातेदार मानायचं का? माझा फॉर्म मी फाडला नाही, फक्त त्यातला प्रश्न बदलला. 'तुम्ही तिथं राहता का?' हा प्रश्न काढला आणि त्याऐवजी लिहिलं, 'तुमच्या मताचा हप्ता कुणाच्या खात्यातून जातो?' आपल्याच खात्यातून जात असेल, म्हणजे आपलं घर, आपला जिना, आपल्या पोराचं मैदान, तर माणसानं खुशाल ओरडावं. टेबलावर मूठ आपटावी. पण हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून जात असेल, तर आधी त्याला बोलू द्यावं, आणि मग आपण जरा हळू आवाजात बोलावं. आठवणींवर माणसाचा हक्क आहेच. मात्र त्या आठवणींचं भाडं आजींच्या गुडघ्यांनी भरावं, असा कुठला करार झालेला नाही.

मी हा फॉर्म आमच्या हेड कॅशियरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "स्टॅम्प लागेल का?"

आता एकच हिशेब राहिला. नव्या इमारतींची देखभाल पहिली बारा वर्षं रहिवाशांनी करायची नाही, असं ठरलं आहे. बारा वर्षं लिफ्ट, पंप, पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, सगळं दुसऱ्याच्या खर्चानं. पहिल्या ५५६ घरांना किल्ल्या २०२५ मध्ये मिळाल्या, म्हणजे त्यांचं तेरावं वर्ष २०३७ मध्ये लागेल. मी तेव्हा निवृत्तीला टेकलेला असेन. ज्या घरात पेन्शन हीच कमाई आहे, त्या घराला चाळीस मजल्यांचा मेंटेनन्स झेपला नाही, तर घर विकून विरार गाठावं लागेल. आणि मग चाळही गेली, टॉवरही गेला. हा प्रश्न हळहळणाऱ्यांनी विचारला नाही आणि जल्लोष करणाऱ्यांनीही विचारला नाही. तो विचारला फक्त आजींनी, लिफ्टच्या निमित्तानं.

चाळ गेली म्हणून रडायला गाव लोटला होता. आपल्याकडे रडायला येणाऱ्यांनी तेराव्याला जेवायलाही यायची पद्धत आहे. या तेराव्याला जेवण नाही, वर्गणी आहे. पाहू, किती जणांचं पेन चालतं.