दुखण्याची आठ कारणं

"ताई, मी कुणाचं काय वाकडं केलं, म्हणून हे माझ्याच वाट्याला आलं?" माझ्या धाकट्या जावेनं हे विचारलं, तेव्हा तिच्या दोन्ही हातांची मधली पेरं सुजून चकाकत होती. भुईगावात त्यांची मोगऱ्याची वाडी आहे. मोगऱ्याची कळी उमलण्याआधी खुडावी लागते. म्हणून अंधारातच हात कामाला लागतात, आणि फुलं वेळेत दादरला पोचली तरच भाव मिळतो. कळी खुडायला ताकद लागत नाही, अंगठा आणि तर्जनीचा हलका चिमटा पुरतो. तेवढा चिमटाच तिला जमेना. सकाळी दीड-दोन तास मूठ मिटत नसे. उन्हं वर आली की बोटं सैल होत, तोवर बाजाराची वेळ टळून गेलेली.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडे उत्तर तयार होतं: प्रारब्ध, भोगून संपवायचं. विरारच्या जीवदानीला नवस झाला. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या गरम कुंडांत स्नानं झाली. कुंडात उतरल्यावर तिला खरंच बरं वाटे, कारण उबेनं ताठरलेले सांधे मोकळे होतात. पण घरी येईतो बोटं पुन्हा तशीच. मी तिच्यासोबत गेले होते. देवीवर माझीही श्रद्धा आहे, आणि त्या स्नानांबद्दल मला तक्रार नाही. मला सलत होतं ते वेगळंच. पाप हे कारण एकदा मान्य झालं की आजार कोणता, हे विचारायचं कुणी मनावर घेत नाही. वर आजारी माणसाला दुखण्याबरोबर शरमही वाटू लागते. बाई बोटं पदराखाली लपवू लागली होती.

मी सोपाऱ्याची. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे अशा वेळी मला आमच्या गावची माती आठवते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथे बुरुड राजाच्या कोटात बौद्ध स्तूप खणून काढला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच सोपाऱ्यात सापडला. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला १९५६ साली, आणि तोही भुईगावात, माझ्या जावेच्या गावात. हा नववा लेख आजारपणाविषयी बोलतो. लोक आजारात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, असं त्यात म्हटलं आहे. विधी करू नका, असं राजा सांगत नाही. त्यांचं फळ थोडं, एवढंच सांगतो. मोठं फळ कशाचं, तर नोकरचाकरांशी नीट वागण्याचं, गुरुजनांना मान देण्याचं, प्राण्यांबाबत संयम पाळण्याचं, दानाचं. बायका फार फोल विधी करतात, असंही त्यात आहे, आणि ते मला टोचतं. आजाऱ्याची उस्तवार जिच्या गळ्यात, विधीही तिच्याच गळ्यात पडतात, हे राजाच्या ध्यानात यायला हवं होतं.

जावेच्या प्रश्नाला थेट उत्तर मात्र अशोकाच्याही आधी देऊन झालं आहे. सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना विचारलं होतं: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, तुमचं काय मत? संयुत्त निकायात हा संवाद आहे. बुद्धांनी आठ कारणं सांगितली. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मफळ. सगळं पूर्वकर्मावर ढकलणारे स्वतःच्या अनुभवालाही सोडून बोलतात आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्यालाही, असा त्यांचा निर्वाळा. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यानंच कर्माला आठातली एक जागा दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. जावेच्या शेजारणीनं, ती ख्रिस्ती आहे, योहानाच्या शुभवर्तमानातली जन्मांधाची गोष्ट सांगितली. शिष्य येशूला विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. जाऊ ते ऐकून रडली. माझ्या आठ कारणांपेक्षा तिला ती गोष्ट जवळची वाटली.

मग आम्ही संधिवाताच्या डॉक्टरकडे गेलो. आपण सांध्यांच्या सगळ्या दुखण्यांना एकाच नावानं हाक मारतो, पण हे आजार शंभराच्या घरात आहेत आणि त्यांची कुळं निरनिराळी. माझ्या गुडघ्याची झीज आहे, ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, जिना उतरताना कळ येते, सकाळचा ताठरपणा पाच-दहा मिनिटांत जातो. जावेचा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे तेच सांधे सुजतात, ताठरपणा तासाहून जास्त टिकतो, आणि वेळेत औषध नसेल तर सांधा कायमचा वाकडा होतो. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन ते तीन पट. यूरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांनी रात्रीत पायाचा अंगठा पेटतो तो गाऊट. तरुण मुलाची कंबर पहाटे आखडते आणि हिंडल्यावर सुटते, तेव्हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची शंका घ्यायची. चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी तर आपल्याकडे अनेक घरांनी पाहिली आहे. आयुर्वेदालाही हा भेद ठाऊक होता: माधवकरानं आपल्या निदानग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलं, ते हजार वर्षांहून आधी.

याच सुमारास पुतण्यानं मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हातानं मणके आणि सांधे मोकळे करणाऱ्यांचे, व्हिडिओ दाखवले. मान झटक्यात वळते, कडाड आवाज होतो, रोगी हसत उठतो. "काकू, एकदा काकीला नेऊन तर बघू." तो मायेनंच म्हणत होता. मी या विद्येचं मूळ वाचलं, तेव्हा थबकले. १८९५ साली अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामरनं ती सुरू केली. तो आधी चुंबकीय उपचार करत असे. एका सफाई कामगाराचा मणका सरकवून त्याचं बहिरेपण घालवलं, असा त्याचा दावा होता. शरीरात एक जन्मजात प्रज्ञा वसते, मज्जातंतूंतून वाहते, मणका हलला की तिची वाट अडते. शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळेच होतात, असं तो म्हणे. या विद्येला धर्म म्हणून मान्यता घ्यावी, असंही त्याच्या मनात आलं होतं. आमच्या घरचं प्रारब्ध आणि पामरचा मणका, दोन्हीकडे सगळ्या दुःखाला एकच कारण. सीवकाचा प्रश्न पुन्हा तोच.

आजचे पुष्कळ कायरोप्रॅक्टर पामरचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवून काम करतात, आणि त्यांच्या हातांचा उपयोगही आहे. माझी कंबर धरली होती, तेव्हा हलक्या दाबानं ती मोकळी केल्यानं आणि व्यायाम शिकवल्यानं मला आराम मिळाला. कंबरदुखीत अशा उपचारानं थोडा फरक पडतो, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. पण झिजलेली कूर्चा त्यानं परत येत नाही. तो कडाड आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. गुडघ्याला खरा आधार मांडीचे स्नायू बळकट करण्याचा आणि वजन उतरवण्याचा.

जावेच्या बाबतीत डॉक्टरांनी बजावून सांगितलं: मानेला झटका देऊ द्यायचा नाही. आमवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला बंध सैल पडलेला असू शकतो, आणि तिथे झटका बसला तर मज्जारज्जूवर बेतते. कणा जुळून गेलेल्या स्पाँडिलायटिसच्या रोग्याला आणि हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीलाही हाच धोका. हे त्या कडाड आवाजाच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र वैधानिक परिषदही नाही. म्हणून शिक्षण कुठे घेतलं, हे विचारणं आपलंच काम.

जाऊ आता मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार कॅलेंडरवर लिहिलेला आहे. रक्त वेळोवेळी तपासून घेते. बोटं पूर्वीसारखी नाहीत, पण कळी खुडता येते. नवसही तिनं फेडला, मी तिच्यासोबत होते.

तुमच्या घरात कुणाची बोटं सकाळी तासभर आखडत असतील, दोन्ही हातांना सारखीच सूज असेल आणि ती काही आठवडे टिकली असेल, तर कृपा करून तिला तिच्या पापपुण्याचा हिशेब विचारू नका. संधिवाततज्ज्ञाची वेळ घ्या आणि सोबत जा. कुणाच्याही हाती मान देण्याआधी हा संधिवात कोणता, ते कागदावर लिहून घ्या.